चौदा वाव पाणी

पहिला ईमेल रात्री दोन चाळीसला आला होता.
विषयाची जागा कोरी.
'हॅलो, मला तुमच्यासारखं व्हायचंय.
काय करू? लवकर कळवा.'
खाली नाव नाही, गाव नाही,
नुसता एक निळा मासा, हसणारा.

आणि वर, पत्त्यांच्या रांगेत, आम्ही अकरा जण
पंगतीला बसवल्यासारखे.
माझं पान आठवं.
मी ओतिलिया. तिनं केलं ओफेलिया.

वाल्परायसोच्या धक्क्यावर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये
रामीरोनं तो मोठ्यानं वाचून दाखवला.
सगळे हसले. मीही हसले,
पावाला एवोकाडो फासता फासता.
अकरा जणांना विचारलेला प्रश्न
कुणालाच विचारलेला नसतो,
असं मी म्हणाले,
आणि ते वाक्य माझं मलाच
दिवसभर आवडत राहिलं.

तीन आठवड्यांनी दुसरा आला.
मंगळवार, सकाळचे सव्वादहा.
विषय: केयॉनच्या खाडीचा नकाशा, एक शंका.

'आदरणीय ओतिलिया मान्सिया बाई,
मी येसेनिया नावेल्किन. शाळेचं शेवटचं वर्ष.
मागचा ईमेल कृपया विसरून जा.
रसायनाच्या सरांनी तो मला फळ्यावर लिहायला लावला
आणि विचारलं, यात तू कुठे आहेस?

माझे वडील बुडी मारून कालवं काढतात.
दक्षिणेकडच्या खडकापाशी तुमचा नकाशा
चौदा वाव पाणी सांगतो.
वडिलांचे पाय तिथे चार वावांवर टेकतात.
आता बघ ना, कुठे चौदा, कुठे चार!
चूक कुणाची हे शोधायचं शिक्षण
कुठे मिळतं?
फोनवर पंधरा मिनिटं द्याल का?
बुधवार सोडून कधीही,
बुधवारी मी आईबरोबर शिंपले सोलायला जाते.
नाही जमलं तरी, इथवर वाचलंत, आभारी आहे.'

आमच्याकडेही 'तू' वेगळं आणि 'तुम्ही' वेगळं.
तिनं सगळीकडे 'तुम्ही' सांभाळलं होतं
इस्त्रीच्या कपड्यांसारखं,
फक्त त्या एका ओळीत घसरली.
तीच ओळ मी परत परत वाचली.

मी नोकरीला लागले तेव्हाचे म्हातारे खलाशी सांगत,
दोरीला शिशाचा गोळा बांधायचे,
गोळ्याच्या बुडाला चरबी.
खोली तर दोरीवरूनही कळे,
पण चरबीला चिकटून वर येई
चिमूटभर वाळू, शंखाचा चुरा,
कधी काळा गाळ.
तळ आहे, एवढंच नाही, कसला आहे तेही.

जेवायची सुट्टी झाली तरी मी उठले नाही.
तळघरातून मोजणीची जुनी वही मागवली.
एकोणीसशे शहाण्णव, ऑगस्ट.
अक्षर माझं.
चार.
आणि चारच्या अलीकडे एक उभी रेघ,
बोटीच्या हेलकाव्यात सुटलेला पेनचा फटकारा,
जो कुणालातरी,
म्हणजे मलाच, सही माझी आहे,
एक वाटला.

एवढी वर्षं त्या एकावरून किती बोटी गेल्या असतील.
कुणी घासली असेल, कुणी शिवी दिली असेल,
समुद्राला.

आता उत्तर लिहायला बसलेय.
'प्रिय' तीनदा खोडलं.
'कुमारी' काढलं, परत घातलं, परत काढलं.
दोन विद्यापीठांची नावं लिहिली, शिष्यवृत्तीची तारीख,
गणित सोडू नकोस, हे लिहिलं.
फोन गुरुवारी, तिच्या वेळेला.
मग उरलेल्या दहा जणांना प्रत जोडली,
रामीरोला सगळ्यात आधी.
वडिलांना काय म्हणायचं, ते काही सुचेना.
शेवटी त्यांचं नाव विचारलं,
नव्या नकाशाच्या कोपऱ्यात
खडकाला काहीतरी नाव लागतंच.

दोन वाजून गेलेत.
अशा वेळी पाठवू नये, एवढं मलाही कळतं.
सकाळपर्यंत थांबेन.
विषयाची चौकट तेवढी भरून ठेवते:
चार वाव. वडील बरोबर.